उष्णता घरात शिरते कुठून?

मे महिन्यातली संध्याकाळ. ऊन नुकतंच उतरलंय. अशा वेळी टिनाच्या घरात गप्प बसून कान दिला, तर डोक्यावरून आवाज येतो. टक्... कट्... टक्! वर मांजर नसतं, वानर नसतं, कुणी खडाही मारलेला नसतो. मग वाजतं काय?

वाजतं ते टिनच! दुपारी ते तापून लांबलेलं असतं. दहा फुटांचा पत्रा सकाळपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापला, की साधारण दीड मिलिमीटरने लांबतो. संध्याकाळी तो आकसायला लागतो, पण खिळ्यांनी आणि बोल्टांनी त्याला जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं. ताण वाढत जातो आणि एका क्षणी पत्रा जरासा सरकतो. टक्!

दोस्तांनो, या आवाजाचा अर्थ असा, की ज्या छपराखाली आपण दुपारभर बसलो होतो, ते सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं होतं. बाहेरच्या हवेपेक्षाही वीस अंशांनी जास्त! मग घरात बसून आपण नेमके कशापासून वाचलो?

हा प्रश्न फुलसावंगीच्या मुलांना विचारायला अगदी योग्य आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं, पैनगंगेच्या खोऱ्यातलं हे गाव. इथे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. आपल्या या भागात टिनाची, स्लॅबची, कवेलूची आणि मातीच्या भिंतींची, सगळ्या तऱ्हांची घरं पाहायला मिळतात. घरं कशी तापतात आणि कशी थंड राहतात, याचं एक अख्खं शास्त्र आहे. त्याला इमारत विज्ञान म्हणतात. त्याची प्रयोगशाळा तुमच्या गल्लीतच आहे.

सूर्य बरोबर डोक्यावर!

आधी सूर्याची चाल पाहू. फुलसावंगी विषुववृत्ताच्या उत्तरेला, २० अक्षांशाच्या जरा अलीकडे आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा इथे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस पकडायचा. त्या दिवशी घड्याळात साधारण सव्वाबारा वाजता अंगणात एक काठी सरळ उभी करा. काठीला सावलीच नसते! याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्यानंतर काही दिवसांनी नवतपा लागतो, तेव्हा तर सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो.

आता सांगा, सूर्य डोक्यावर असताना घराच्या कोणत्या भागावर सगळ्यांत जास्त ऊन पडेल? भिंतींवर? नाही. छपरावर! दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ ऊन लागतच नाही. पूर्वेच्या भिंतीला सकाळी लागतं, पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी. छपराला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुट्टी नाही.

यातून एक गंमत निघते. दक्षिणेच्या खिडकीची उंची चार फूट आणि तिच्यावर दोन फुटी सज्जा आहे असं समजा. मार्च ते सप्टेंबर दुपारचा सूर्य इतका उंच असतो की तेवढ्या सज्ज्याने अख्खी खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि त्याच खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून कोवळं ऊन घरात येतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन, आणि हे करायला ना वीज लागते ना कुणाचा हात!

पण हाच सज्जा पश्चिमेच्या खिडकीवर बांधला तर? मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य पश्चिमेला खूप खाली आलेला असतो. तेव्हा दोन फुटी सज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम पाऊण फूट उतरते. बाकी सगळं ऊन थेट आत. म्हणून पश्चिमेला खिडकी लहान ठेवावी आणि त्या बाजूला कडुनिंबाचं झाड लावावं. खाली आलेलं ऊन सज्जा अडवू शकत नाही, झाड अडवतं.

छपरावर पडतं किती?

स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर सपाट जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. आता एक घरकुल घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवलेलं आहे. म्हणजे त्याच्या छपरावर भर दुपारी २५,००० वॅट ऊर्जा पडते!

आता एसीकडे पाहा. एक टनाचा एसी घरातून दर सेकंदाला जेवढी उष्णता बाहेर काढतो, ती सुमारे ३५०० वॅट भरते. म्हणजे छोट्याशा घरकुलावर सात एसींना पुरून उरेल एवढं ऊन पडतं. ते सगळं आत येत नाही. काही परत फिरतं, काही वाऱ्याबरोबर निघून जातं. पण किती परत पाठवायचं आणि किती आत घ्यायचं, हे आपल्या छपरावर अवलंबून असतं.

गडद किंवा गंजलेलं छप्पर बहुतेक ऊन पिऊन टाकतं. ताजा पांढरा चुना मात्र पडलेल्या उन्हातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊन परत आकाशाकडे पाठवतो. आपल्या घरकुलाचा हिशोब करा: २५,००० पैकी सतरा-साडेसतरा हजार वॅट आल्या पावली परत! पांढऱ्या छपरांमुळे घरातली दुपार दोन ते पाच अंशांनी कमी तापल्याच्या नोंदी अनेक ठिकाणी झाल्या आहेत. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी राज्याचं धोरणच आणलं. धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो, म्हणून चुना दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मारावा लागतो. तेवढी मेहनत मात्र आहे.

आत येण्याच्या तीन वाटा

छपराने प्यायलेली उष्णता घरात कशी पोचते? विज्ञानाच्या पुस्तकातले तीन शब्द आठवा: वहन, अभिसरण आणि प्रारण. परीक्षेसाठी पाठ केलेले हे शब्द घरात बसून ओळखता येतात.

वहन म्हणजे वस्तूच्या एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे उष्णता जाणं. टिन असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि पोलाद हे उष्णतेचं सुवाहक. वरची उष्णता खालच्या बाजूला पोचायला त्याला काहीच वेळ लागत नाही.

अभिसरण म्हणजे हवेबरोबर होणारा प्रवास. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून छपराजवळची हवा सगळ्यांत गरम असते. तिला वरून बाहेर पडायला झरोका नसेल, तर ती तिथेच साचून राहते.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड, कारण ती दिसत नाही आणि तिला हवाही लागत नाही. ती म्हणजे प्रारण. टिनाच्या खोलीत पंखा फुल स्पीडवर असतो, तरी डोकं तापतंच. का? कारण तापलेलं टिन खालच्या प्रत्येक वस्तूकडे अदृश्य अवरक्त किरण सोडत असतं. पंखा हवा हलवतो, घाम वाळवतो. पण हे किरण पंख्याच्या वाऱ्याने अडत नाहीत. ते अडवायला मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं. टिनाच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई किंवा प्लायवूड बसवलं, की किरण तिथे अडतात आणि मधल्या जागेतली गरम हवा बाजूच्या फटींतून निघून जाते.

जुन्या कवेलूच्या छपराकडे आता नीट पाहा. भाजलेल्या मातीचे तुकडे, एकावर एक चढवलेले, मध्ये असंख्य फटी. माती उष्णतेची दुर्वाहक, आणि फटींतून गरम हवा निघून जाते. मग लोकांनी टिन का घातलं? त्यालाही सबळ कारणं आहेत. वानरं उड्या मारून कवेलू फोडतात. दर पावसाळ्याआधी घर शाकारावं लागतं आणि ते काम जाणणारी माणसं आता कमी झाली. टिन दोन दिवसांत बसतं आणि गळत नाही. टिनाने पावसाचा प्रश्न सोडवला. उन्हाचा प्रश्न आपण सोडवायचा आहे.

कापसातली हवा

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. गादीत, दुलईत कापूस भरतात तो थंडीत ऊब मिळावी म्हणून. पण कापूस स्वतः गरम असतो का? मुळीच नाही. कापसाच्या तंतूंमध्ये हवेचे लाखो छोटे कप्पे असतात. त्यांत अडकलेली हवा हलू शकत नाही, आणि न हलणारी हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक. पोलादातून जितकी उष्णता वाहते, तिचा जेमतेम दोन हजारावा भाग स्थिर हवेतून वाहतो.

म्हणजे दुलई उष्णता निर्माण करत नाही, तिची वाट अडवते. आतली बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आत येऊ देत नाही. छपरांसाठी वापरतात तो थर्माकोलसारखा फेस, काचलोकर, खनिज लोकर, या सगळ्यांचं गुपित हेच आहे: हवा पकडून ठेवणं.

थंड मुलखात या एका कल्पनेवर चमत्कार घडले. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात वोल्फगांग फाइस्ट या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून चार जोडघरं उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिथे कुटुंबं राहायला आली. बाहेर बर्फ, पण भिंतींत आणि छतात जाड थर, खिडक्यांना तीन-तीन काचा आणि कुठेही फट नाही. अशा घराला गरम ठेवायला साध्या घराच्या मानाने अगदी थोडी ऊर्जा पुरते. राहणाऱ्या माणसांच्या अंगची ऊबसुद्धा तिथे हिशोबात धरतात! शांत बसलेलं माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे चार हजार वॅट. दाटीच्या वर्गात का उकडतं, कळलं ना?

भिंत वेळ काढते!

आता जाड मातीच्या भिंतीकडे या. दुपारी दोन वाजता तिला बाहेरून हात लावा: चटका. आतून लावा: गार. ती उष्णता गेली कुठे?

ती वाटेत आहे! माती जड असते. तिचा एकेक थर तापवायला भरपूर उष्णता लागते, आणि एक थर तापल्याशिवाय पुढचा तापत नाही. दीड फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णतेची लाट आत पोचायला बारा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर रात्र झालेली असते, बाहेरची हवा निवलेली असते आणि ती लाटही विरून गेलेली असते. चार-पाच इंची सिमेंटच्या स्लॅबमधून तीच लाट तीन-चार तासांत आत पोचते. म्हणजे नेमकी संध्याकाळी, आपण घरी येतो तेव्हा! म्हणून स्लॅबच्या घरात रात्री दहालाही वरून धग येत राहते.

जाड भिंतीच्या घरातल्या आजीची एक सवय आठवते का? दुपारी बाहेर पाऊल टाकलं की ती म्हणते, "लाव बरं दार, झळ येते आत." आणि रात्री तीच सगळी दारं-खिडक्या उघडते. याला इमारत विज्ञानात रात्रीचं वायुवीजन म्हणतात. नियम सोपा आहे. बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तर बंद. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तर उघडं. बंद टिनाच्या खोलीत दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षाही जास्त तापू शकते, तेव्हा तिथे सावलीकडची खिडकी उघडी ठेवणंच बरं. नियम एकच, पण घराप्रमाणे उत्तर बदलतं.

आपल्याकडे तुराट्या-पऱ्हाट्यांचे कुड विणून त्यावर शेणमाती लिंपतात, तीही भिंत हुशार आहे. ती पातळ असल्याने वेळ फार काढत नाही, पण हलकी, पोकळ आणि हवेशीर असते. मातीची भिंत ओल शोषते आणि पुन्हा वाळते. अशा भिंतीवर बाहेरून घट्ट सिमेंटचा गिलावा दिला, तर आत शिरलेली ओल कोंडते आणि काही पावसाळ्यांनी गिलावा पोपडे धरून सुटतो. भिंतीला ओल बाहेर टाकायची वाट हवी, हेही शास्त्रच.

पाचशे रुपयांची अट

या सगळ्या युक्त्या एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जा. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, महात्मा गांधी तिथे राहायला गेले. तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. त्यांची अट होती की घर आसपास मिळणाऱ्या साहित्याचं, गावच्या कारागिरांच्या हातचं असावं आणि खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये. कामावर देखरेख केली गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी. पहिलं घर ते आदी निवास. पुढे गांधीजी ज्या कुटीत राहिले ती बापू कुटी, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली होती.

माती आणि बांबूच्या भिंती, कवेलूचं खाली उतरत आलेलं छप्पर, भोवती ओसरी. ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. छपरातून आणि बांबूच्या खिडक्यांतून हवा खेळत राहते. एकही यंत्र न लावता केलेली ही रचना आजही उभी आहे आणि जगभरातून वास्तुरचनेचे विद्यार्थी ती पाहायला येतात.

कूलरला खिडकी का हवी?

आता आपल्या विदर्भाचा लाडका कूलर! पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी हवेतूनच घेतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतं. बाहेर ४४ अंश आणि हवा खूप कोरडी, म्हणजे आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या ताट्यांतून आलेली हवा अगदी २६-२७ अंशांपर्यंत उतरू शकते.

पण कूलर लावून सगळी दारं बंद केली तर अर्ध्या तासात अंग चिकट होतं. कारण कूलर आत ओलसर हवा ढकलत राहतो. ती बाहेर गेली नाही तर खोलीतली हवा वाफेने भरते, आणि भरलेल्या हवेत आणखी पाणी उडत नाही. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी हवी. कोकणात कूलर का चालत नाही, हेही आता तुम्हीच सांगाल.

आधी काय, मग काय?

शाळेच्या भिंतीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' वाचलंय ना? घराचंही तसंच आहे: ऊन अडवा, उष्णता रखडवा, रात्री हाकला. आधी छपरावर चुना, झाड आणि सज्जा. मग छपराखाली थर आणि जाड भिंत. मग झरोका आणि रात्रीच्या उघड्या खिडक्या. पंखा, कूलर, एसी या सगळ्यांनंतर. क्रम उलटा केला, की यंत्र दिवसभर छपराशी झुंजत राहतं आणि बिल वाढत जातं.

भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यात छपरासाठी एक आकडा आहे. बाहेर-आत एका अंशाचा फरक असताना छपराच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट आत जातात, ते मोजायचं; १.२ पेक्षा जास्त नको. उघड्या सिमेंटच्या स्लॅबचा हाच आकडा साडेतीनच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास तिप्पट!

आणि यंत्र लावायचंच असेल तर तेही तपासून लावता येतं. हैदराबादला इन्फोसिस कंपनीने २०११ मध्ये एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचा एसी. दुसऱ्यात स्लॅबमध्ये नळ्या घालून गार पाणी खेळवलं. पहिल्याच वर्षी दुसरा भाग थंड ठेवायला जवळपास एक तृतीयांश वीज कमी लागली. दोन्ही भाग सारखे होते, म्हणूनच तुलना खरी ठरली.

करून पाहा

असाच प्रयोग तुम्हीही करा. बुटांचे तीन सारखे खोके घ्या. सरांच्या किंवा बाईंच्या मदतीने जुन्या डब्याच्या पत्र्याची तीन सारखी छपरं कापून घ्या. कडा धारदार असतात, सांभाळा.

१. पहिलं छप्पर तसंच ठेवा.
२. दुसऱ्यावर चुन्याचे दोन हात द्या आणि वाळू द्या.
३. तिसऱ्याच्या खाली बोटभर कापसाचा थर देऊन पुठ्ठा लावा.

प्रत्येक खोक्याला बाजूने बारीक भोक पाडून शाळेतला प्रयोगशाळेचा तापमापक आत घाला. ताप मोजायचा तापमापक वापरू नका, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. तिन्ही खोके एकाच जागी उन्हात ठेवा. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाने आकडे वहीत लिहा आणि तीन रंगांनी आलेख काढा.

मग या प्रश्नांची उत्तरं शोधा. सगळ्यांत जास्त तापमान कोणत्या खोक्यात गेलं? ते किती वाजता? सूर्य कलल्यावर सगळ्यांत लवकर कोणता निवला? आणि चुना व कापूस एकाच छपराला दोन्ही लावले, तर चौथा खोका काय सांगेल?

गावात कुणाचं घरकुल बांधायला निघालं असेल, तर ही वही घेऊन घरमालकांकडे आणि मिस्त्रीकाकांकडे जा. छप्पर पडण्याआधी जा. पश्चिमेची खिडकी, झरोका, छपराखालचा थर, हे सगळं तेव्हाच ठरवता येतं. तुमच्या आलेखातले आकडे ते नक्की पाहतील, कारण ते त्यांच्याच गावच्या उन्हात मोजलेले असतील.